सर्व्हिस सेंटरने दिलेली पर्यायी गाडी: अकरा दिवसांच्या वापरानंतर

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पश्चिम द्रुतगती मार्गावर एका टेम्पोने आमच्या गाडीला मागून धडक दिली. कोणाला इजा झाली नाही, पण मागचा बंपर, डिकीचे दार आणि एका बाजूचा दिवा बदलण्याशिवाय गत्यंतर नव्हते. विम्याच्या सर्व्हेअरची पाहणी, सुटे भाग मागवणे आणि नंतरचे डेंटिंग-पेंटिंग धरून गाडी किमान सात दिवस मिळणार नाही, असे अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सांगण्यात आले. एरवी हे सात दिवस लोकल आणि रिक्षावर काढले असते. परंतु माझ्या वडिलांना आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी, डायलिसिससाठी विलेपार्ल्याहून परळच्या रुग्णालयात न्यावे लागते. चार तासांच्या उपचारानंतर बाबांचा रक्तदाब उतरतो, पायात बळ राहत नाही, आणि अशा अवस्थेत भर पावसात रुग्णालयाच्या फाटकाशी उभे राहून, एकामागून एक रद्द होणाऱ्या टॅक्सींची वाट पाहणे त्यांच्याच्याने होत नाही. म्हणून मी पर्यायी गाडीची मागणी केली आणि ती मिळाली. सात दिवसांचे पुढे अकरा दिवस झाले. त्या अकरा दिवसांत ही सेवा आणि तिच्यामागची यंत्रणा जवळून पाहता आली, त्याविषयी हे सविस्तर लिहीत आहे. सर्व्हिस सेंटरचे किंवा कंपनीचे नाव देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते एका दुकानापेक्षा या पद्धतीविषयी अधिक आहे.

दुरुस्तीच्या काळात मिळणारी गाडी आपल्याकडे अजूनही दुर्मीळ आहे, आणि त्यामागे केवळ कंपन्यांची काटकसर नाही. आपल्या नियमांनुसार पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली गाडी खासगी वापराची असते. प्रवासी टॅक्सीला पिवळी पाटी लागते आणि स्वतः चालवण्यासाठी भाड्याने द्यायच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे लागतात. भाड्याने द्यायच्या गाड्यांसाठी १९८९ ची स्वतंत्र योजना असून तिच्या परवान्याच्या अटी वेगळ्या आहेत. त्यामुळे सेंटरच्या नावावर नोंदलेली पांढऱ्या पाटीची गाडी ग्राहकाला सौजन्य म्हणून विनामूल्य देता येते, पण तिचे दिवसाचे भाडे आकारायला सुरुवात केली की नोंदणीचा आणि विम्याचा प्रश्न उभा राहतो. अपघात झाल्यावर खासगी गाडी भाड्याने दिली होती असे निष्पन्न झाले, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. म्हणून गाडी घेण्यापूर्वी मी दोनच गोष्टी पाहिल्या, पाटीचा रंग आणि विम्याच्या पॉलिसीवरील वापराचा प्रकार. पाटी पांढरी होती आणि करारात भाड्याचा उल्लेख नव्हता. पाच हजार रुपयांची अनामत माझ्या कार्डावर राखून ठेवली गेली, दिवसाला शंभर किलोमीटरची मर्यादा घातली गेली, आणि इंधन व टोल माझ्याकडे राहिला. या अटी मला रास्त वाटल्या. ज्यांना अशी गाडी मिळत नाही त्यांच्या माहितीसाठी सांगते की, गाडी गॅरेजमध्ये असताना प्रवासखर्चापोटी दररोज ठरावीक रक्कम देणारे जोडसंरक्षण बऱ्याच विमा कंपन्यांकडे मिळते. ते पॉलिसी घेतानाच घ्यावे लागते.

गाडी ताब्यात मिळण्यापूर्वीची प्रक्रिया सुमारे वीस मिनिटांत आटोपली, हे कौतुकास्पद आहे. कंपनीच्या ॲपमध्ये माझ्या दुरुस्तीचे जॉब कार्ड, म्हणजे कामाची नोंद, आधीपासून होती, त्याखालीच पर्यायी गाडीची नोंद उघडली. चालकपरवाना मी डिजिलॉकरमधून दाखवला. त्याची वैधता सरकारी नोंदीशी पडताळली गेली आणि ओटीपीने करारावर सही झाली. मग सेंटरमधील मुलाने गाडीभोवती फिरून मोबाइलवर बारा फोटो काढले. चारही बाजू, चारही चाके, पुढची काच, ओडोमीटर, इंधनाचा काटा वगैरे. ओडोमीटरचा आकडा आणि टाकीतले इंधन त्याला हाताने भरावे लागले नाही. गाडीने ते स्वतःच कळवले आणि माझ्या पडद्यावर वेळेसह उमटले. मंगळवार, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे, टाकी पाऊण भरलेली.

हे कसे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. अलीकडच्या बहुतेक कनेक्टेड गाड्यांत कारखान्यातच बसवलेले एक संपर्क-उपकरण असते. त्यात सिम असते आणि उपग्रहावरून ठिकाण ओळखण्याची सोय असते. गाडीतले निरनिराळे इलेक्ट्रॉनिक भाग ज्या अंतर्गत जाळ्यातून एकमेकांशी बोलतात त्याच्याशी ते जोडलेले असते, म्हणून किती किलोमीटर झाले, इंधन किती उरले, बॅटरीचा विद्युतदाब किती आहे, दारे बंद आहेत की उघडी, इंजिनने काही दोष नोंदवला आहे का, हे सगळे ते कंपनीच्या सर्व्हरला पाठवू शकते. ज्या गाड्यांत असे उपकरण नसते, त्यांच्या स्टिअरिंगखालच्या तपासणी-सॉकेटमध्ये छोटे यंत्र खोचून यातील बराच भाग साधता येतो. पूर्वी सेंटरच्या वहीत गाडीचा नंबर, ग्राहकाचे नाव आणि परतीची तारीख एवढेच असे आणि गाडी प्रत्यक्षात कुठे आहे हे फोन केल्याशिवाय कळत नसे. आता प्रत्येक गाडी स्वतःची हजेरी स्वतः लावते.

ग्राहकाला याचा खरा लाभ मला सहाव्या दिवशी दिसला. डिकीचे दार कंपनीच्या गोदामातून वेळेवर निघाले नाही, आणि ही नोंद जॉब कार्डवर पडताच पर्यायी गाडीची मुदतही त्याबरोबर पुढे सरकली. रविवारी संध्याकाळी मला संदेश आला की, दुरुस्ती लांबल्यामुळे गाडी शुक्रवारपर्यंत आपल्याकडे राहील. सोमवारी बाबांना न्यायचे कसे, या काळजीने मी ज्या फोनची तयारी करून बसले होते तो करावाच लागला नाही. दुरुस्तीचे वेळापत्रक आणि गाड्यांचे वेळापत्रक एकाच ठिकाणी असणे ही या पद्धतीतील सर्वात मोलाची गोष्ट आहे असे माझे मत झाले. सेंटरकडे अशा मोजक्याच गाड्या असतात. कोणती केव्हा मोकळी होणार हे आधी कळले नाही, तर एकीकडे गाडी आवारात उभी राहते आणि दुसरीकडे गरजू ग्राहक रिकाम्या हाताने परततो.

मोटार कंपन्यांना हे गणित सहज उमगलेले नाही. डाइम्लरने २००८ मध्ये जर्मनीतील उल्म शहरात ‘कार टू गो’ ही थोड्या वेळापुरती गाडी वापरायला देणारी सेवा सुरू केली, बीएमडब्ल्यूने २०११ मध्ये तशीच ‘ड्राइव्ह नाऊ’ आणली, २०१९ मध्ये दोघांनी ते व्यवसाय एकत्र करून ‘शेअर नाऊ’ केले आणि २०२२ मध्ये ते स्टेलांटिस या मोटार कंपनीला विकून टाकले. जनरल मोटर्सची ‘मेव्हन’ ही सेवा २०१६ ते २०२० एवढीच टिकली. आपल्याकडे ह्युंदाईने २०१९ मध्ये रेव्ह या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीबरोबर आणि मारुती सुझुकीने २०२० मध्ये मासिक शुल्कावर गाडी देण्याच्या योजना सुरू केल्या. गाडी विकण्याऐवजी तासावर किंवा महिन्यावर वापरायला देण्याचा हा विचार वेगळ्या व्यवसायाचा आहे, तर दुरुस्तीच्या काळात दिलेली गाडी हा विक्रीनंतरच्या सेवेचा भाग आहे. मात्र दोन्हीकडे कस एकाच गोष्टीचा लागतो: गाडी कोणाकडे, कुठे आणि कोणत्या स्थितीत आहे, याची नोंद बिनचूक हवी. मी ज्या नोंदींविषयी पुढे लिहिणार आहे त्या या अनुभवातूनच घडत आल्या आहेत, आणि म्हणूनच त्यांच्यातील उणिवा मला अधिक खटकल्या.

पहिली उणीव गाडीत बसल्यावर पाच मिनिटांत दिसली. फोन जोडण्यासाठी मी पडदा उघडला, तर ब्लूटूथच्या यादीत आधीच्या दोघांचे फोन नावानिशी होते. नकाशातील ‘घर’ या बटणाला बोट लागले, तेव्हा कांदिवलीतील एका इमारतीचा रस्ता दिसू लागला. इमारतीचे नाव, विंग, सगळे. त्या घरातील माणसांना माझी ओळख नाही आणि मला त्यांची नाही, तरी त्यांचे घर माझ्यासमोर उघडे पडले होते. जी यंत्रणा टाकीतले इंधन अचूक मोजते, तिने गाडी परत आल्यावर मागच्या माणसाच्या खुणा पुसून टाकणे हे तिच्या पहिल्या कामांपैकी असायला हवे. पडद्यावरचा सर्व वैयक्तिक मजकूर पुसण्याची सोय गाडीतच असते. परतीच्या तपासणीच्या यादीत ती एक ओळ घालणे एवढेच काम आहे.

याच धाग्याने मी दुसरा प्रश्न विचारला. आमच्याकडची ही पर्यायी गाडी आठवड्यातून तीन दिवस, ठरलेल्या वेळी, एका रुग्णालयाच्या तळघरात चार तास उभी राहत होती. एवढ्यावरून कोणालाही आमच्या घरातील आजाराचा अंदाज बांधता येईल. ही ठिकाणांची नोंद किती दिवस ठेवली जाते आणि ती कोण पाहू शकते, असे मी सेंटरमध्ये विचारले. समोरच्या मुलीने प्रामाणिकपणे सांगितले की, तिला गाडीचे आताचे ठिकाण दिसते, जुने मार्ग मुख्य कार्यालयात दिसतात, आणि मुदतीविषयी तिला कोणी काही सांगितलेले नाही. करारातही ‘सेवेसाठी आवश्यक तेवढा काळ’ असे मोघम लिहिले होते. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झाला आहे. माहिती कशासाठी घेतली जाते हे ग्राहकाला स्पष्ट शब्दांत सांगणे हा त्याचा गाभा आहे. चोरी टाळण्यासाठी किंवा गाडी बंद पडल्यास मदत पाठवण्यासाठी ठिकाण कळणे गरजेचे आहे, हे मी मनापासून मान्य करते. गाडी परत केल्यावर माझ्या वडिलांच्या उपचारांचा माग कंपनीकडे राहण्याची गरज मात्र मला दिसत नाही.

प्रत्यक्ष वापराबद्दल तक्रारीला जागा नाही. गाडी स्वच्छ होती, टायर चांगले होते, स्टेपनीत हवा होती, आणि मागच्या आसनाची उंची बाबांना चढ-उतार करण्यास सोयीची होती. रुग्णालयाच्या तळघरात मोबाइलचा संपर्क तुटतो, तेव्हा ॲप खोटे ठिकाण दाखवत बसत नाही. ‘शेवटचा संपर्क ९ वाजून १२ मिनिटे’ असे ते स्पष्ट सांगते, हे मला आवडले. दुसऱ्या बुधवारी दुपारनंतर मुसळधार पाऊस सुरू झाला. तेव्हा सेंटरमधून फोन आला: “मॅडम, तुमची गाडी परळच्या बाजूला दिसते आहे. हिंदमाताकडे पाणी भरायला लागले आहे, घरी जाताना मिलन आणि अंधेरीचा सबवेही टाळा. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चालू करू नका, आधी आम्हाला फोन करा.” पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा चालू करण्याच्या प्रयत्नात आत पाणी ओढले जाते आणि मोठे नुकसान होते, हे मुंबईकराला नवे नाही. पण गाडी कुठे आहे हे पाहून कोणीतरी आठवणीने फोन केला, याचे त्या संध्याकाळी मोठे बळ वाटले. आम्ही तासभर रुग्णालयातच थांबलो आणि पाणी ओसरल्यावर निघालो.

आता ज्या प्रसंगामुळे मी हे लिहायला बसले त्याकडे येते. शुक्रवारी संध्याकाळी गाडी परत केली, तेव्हा पुन्हा तेच बारा फोटो काढले गेले. या वेळी दोन्ही संच संगणकाने आपोआप जुळवून पाहिले आणि मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर बोटभर लांबीचा ओरखडा ‘नवीन नुकसान’ म्हणून दाखवला. अनामतीतून साडेतीन हजार रुपये वळते होणार असल्याचा संदेश मी काउंटरवर उभी असतानाच आला. त्याच हिशेबात, गाडी घेतली त्या मंगळवारचा, वांद्रे-वरळी सागरी सेतूचा एक टोलही लावला होता. त्या मंगळवारी आम्ही पार्ल्याच्या पुढे गेलोच नव्हतो.

“मॅडम, सिस्टीमने फोटो जुळवूनच रक्कम लावली आहे, ती मला इथून कमी करता येत नाही,” असे सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला. तो उद्धटपणे बोलला नाही, त्याच्या हातात खरोखरच काही नव्हते. माझ्या सुदैवाने, गाडी घेताना मी स्वतः एक चित्रफीत काढली होती. मंगळवारी सकाळी पाऊस लागला होता आणि गाडी उघड्यावर उभी होती. बंपरवर थेंब दाटलेले होते. सेंटरच्या मुलाने काढलेल्या फोटोत त्या कोपऱ्यावर पाण्याचे थेंब आणि वरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब याखेरीज काही दिसत नाही. मी ओढणीच्या टोकाने तो कोपरा पुसला होता, आणि माझ्या चित्रफितीत पुसलेल्या जागी तोच ओरखडा, तिरका, खालच्या टोकाला किंचित रुंद, स्पष्ट दिसतो. संगणकाने कोरड्या बंपरची तुलना ओल्या बंपरशी केली होती. त्याला जे पूर्वी दिसले नव्हते ते त्याने नवे ठरवले.

टोलचे कारण शोधायला अधिक वेळ लागला. फास्टॅग गाडीच्या काचेवर असतो आणि त्याचे खाते गाडीच्या मालकाचे, म्हणजे या बाबतीत कंपनीचे असते. त्यामुळे पैसे आधी कंपनीच्या खात्यातून जातात आणि मग वेळ पाहून त्या वेळी गाडी ज्याच्याकडे होती त्याच्या हिशेबात पडतात. त्या सकाळी सेंटरचाच चालक ही गाडी दुसऱ्या शाखेतून घेऊन आला होता. नाक्यावरून गाडी १० वाजून ५० मिनिटांनी गेली, पण रक्कम वजा झाल्याची नोंद कंपनीकडे १२ वाजून ५ मिनिटांनी पोहोचली, म्हणजे गाडी माझ्या नावावर चढल्यानंतर. यंत्रणेने नाका ओलांडल्याची वेळ धरण्याऐवजी नोंद आल्याची वेळ धरली होती. ई-चलनाच्या बाबतीतही हाच धोका आहे, कारण चलन नोंदणीकृत मालकाच्या नावे निघते आणि पुष्कळदा काही दिवसांनी कळते. ते कोणत्या ग्राहकाच्या काळातील आहे हे गुन्ह्याच्या वेळेवरूनच ठरवायला हवे.

विशेष म्हणजे माझी बाजू सिद्ध करणारा दुसरा पुरावा त्यांच्याच सर्व्हरवर होता. मंगळवारी सकाळी १० वाजून ५० मिनिटांनी गाडी सागरी सेतूवर होती आणि माझ्या ताब्यात ती ११ वाजून ४० मिनिटांनी आली, हे गाडीने स्वतः कळवलेले होते. परंतु ही नोंद मला दिसत नव्हती आणि ॲडव्हायझरलाही दिसत नव्हती. मी चित्रफीत आणि टोलच्या वेळेविषयीची शंका ईमेलने मुख्य कार्यालयाला पाठवली. सोमवारी दुपारी फोन आला, त्यांनी नोंदी तपासल्याचे सांगितले, दोन्ही रकमा काढून टाकल्या आणि त्याच आठवड्यात अनामत पूर्ण मोकळी झाली. फोन करणाऱ्या गृहस्थांनी दिलगिरी व्यक्त केली आणि ओल्या गाडीचे फोटो पुसून घेण्याची सूचना सर्व शाखांना देऊ असेही म्हटले. त्यांच्या बोलण्यात टाळाटाळ नव्हती, हे मला नमूद केले पाहिजे.

तरीही माझा मुख्य आक्षेप कायम आहे. गाडीची सर्व माहिती एका बाजूला साठते आणि तिच्यावर आधारलेला आकडा तेवढा दुसऱ्या बाजूला पोहोचतो. चित्रफीत काढण्याचे मला सुचले नसते, तर तो ओरखडा मीच केला असे ठरले असते, आणि बाबांच्या धावपळीत साडेतीन हजारांसाठी भांडत बसण्याइतके त्राण माझ्यात उरले नसते. जे बारा फोटो सेंटरने काढले ते ग्राहकाच्या ॲपमध्ये त्याच क्षणी दिसावेत आणि त्यांत आपले फोटो घालण्याची मुभा असावी. प्रत्येक टोलसमोर नाका ओलांडल्याची वेळ असावी. नुकसानीची रक्कम माणसाने पाहिल्याशिवाय लावू नये, आणि काउंटरवरच्या माणसाला ती थांबवून ठेवण्याचा अधिकार असावा. यांतील एकाही गोष्टीसाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही.

इतके होऊनही पुन्हा गरज पडली तर मी हीच सेवा घेईन, आणि ज्यांच्या घरी आजारी किंवा वृद्ध माणूस आहे त्यांनी गाडी दुरुस्तीला टाकण्यापूर्वी अशी गाडी मिळते का हे आवर्जून विचारावे असे सुचवीन. अकरा दिवसांत बाबांची एकही फेरी चुकली नाही, एकदाही त्यांना पावसात उभे राहावे लागले नाही. गाडी घेताना मात्र ती कोरडी करून घ्यावी, बंपरचे चारही कोपरे आणि चाकांच्या कडा जवळून चित्रित कराव्यात आणि पडद्यावरच्या वेळेचा फोटो ठेवावा.

किल्ली परत करण्यापूर्वी मी गाडीत बसून माझ्या फोनची नोंद काढून टाकली, नंतर आधीच्या दोघांची आणि शेवटी कांदिवलीच्या त्या घराची. ॲडव्हायझर खिडकीशी उभा राहून पाहत होता. ‘घर’ या बटणाखाली काही उरले नाही हे त्याने स्वतः दाबून पाहिले आणि मग किल्ली घेतली.